पीएच.डी. करणाऱ्यांची बाजू विद्यापीठात कशी मांडावी

संशोधक विद्यार्थ्यांसाठी काही करायचं म्हटलं की टपरीवर हमखास मिळणारा सल्ला असा: पोरं गोळा करा, कुलगुरूंना निवेदन द्या, फोटो पेपरात छापून आणा. त्या फोटोत उभ्या असलेल्या मुलीच्या पुढच्या प्रगती अहवालावर सही व्हायला किती महिने लागले, हे सल्ला देणाऱ्याने पाहिलेलं नसतं. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आधी माणसं. खानदेशात विद्यापीठ जळगावला, पण संशोधन करणारी मुलं जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत विखुरलेली. एकट्याने सगळ्यांचं बघणं होत नाही. दर जिल्ह्यातून एक, असे तिघे प्रतिनिधी तरी हवेत, आणि त्यात एक मुलगी हवीच. मुली अर्ध्या गोष्टी मुलांना सांगत नाहीत. भेटायला अमळनेर सोयीचं. नंदुरबार-दोंडाईचाकडून आणि जळगावकडून थेट गाडी आहे, धुळ्याहून एस.टी. आहे.

मग नियम. ७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेतले यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी. विनियम आणि आपल्या विद्यापीठाचे पीएच.डी.चे नियम, दोन्ही छापून जवळ ठेवा. मोबाइलवर वाचलेला नियम समोरच्या टेबलावर टिकत नाही. प्रवेशापासून कमाल मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात एकदा सादरीकरण. प्रबंध जमा झाल्यापासून व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) निकालापर्यंत ६ महिने. एवढं पाठ पाहिजे. आणि कुणी तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न 'प्रवेश कधीचा?' हाच. २०२२ च्या अधिसूचनेआधी नोंदणी झालेल्यांना जुने विनियम लागू होतात. हे न विचारता लिहिलेलं पत्र पहिल्याच ओळीत पडतं.

फेलोशिपच्या तक्रारी सगळ्यांत जास्त येतात आणि सगळ्यांत लवकर सुटतात. फक्त फेलोशिप कुणाची ते आधी विचारा. यूजीसीची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप (१ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, पुढच्या टप्प्याची एसआरएफ ४२,०००) अडकली असेल, तर दिल्लीकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच संस्थेने पोर्टलवर त्या महिन्याचं कन्फर्मेशन केलंय का ते बघा. बऱ्याच वेळा तिथेच अडलेलं असतं, आणि संबंधित क्लार्ककडे एक चक्कर मारली की काम होतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचे पैसे विद्यापीठ देत नाही. विद्यापीठाकडे मागायचा तो वेळेवर सही झालेला अहवाल.

आता जिथे मी स्वतः चुकले, त्या टप्प्याकडे येते.

प्रतिनिधी म्हणून पहिल्या वर्षी एका मुलीचं गाऱ्हाणं मी विद्यापीठाला दिलेल्या पत्रात घातलं. नाव गाळलं आणि निर्धास्त झाले. वाक्य असं होतं: 'प्राणिशास्त्राच्या एका संशोधिकेचा मसुदा अकरा महिने मार्गदर्शकांकडे पडून आहे.' त्या संशोधन केंद्रात प्राणिशास्त्राच्या मुली होत्या दोन, आणि दुसरीचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांशसुद्धा, अजून गेला नव्हता. चौथ्या दिवशी पहिलीच्या वडिलांना फोन गेला. गाइड आणि वडील एकाच गावचे, लग्नकार्यात एका पंगतीला बसणारे. 'पोरीला जरा समजवा' एवढंच बोलणं झालं. जूनमध्ये तिचे तासिका तत्त्वावरचे तास दुसऱ्या कुणाला तरी मिळाले. माझ्याशी बोलायला ती पहिल्यांदा आली तेव्हा एकच म्हणाली होती, "ताई, मनं नाव कोठे येवाले नको." नाव मी कुठेच येऊ दिलं नव्हतं, तरी ती ओळखली गेली.

आपल्याकडे हे घडतंच, कारण गाइड, संस्थाचालक, विभागप्रमुख आणि घरचे यांच्यात अंतर फार थोडं असतं. शिवाय संशोधक बहुतेक वेळा त्याच संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवत असतो. प्रबंध आणि पोट एकाच सहीवर अवलंबून. म्हणून नाव गाळणं म्हणजे माणूस झाकणं नव्हे.

तेव्हापासून मी असं करते. ऐकताना सगळं ऐकते, मध्ये बोलत नाही, पण लिहून घेते त्या फक्त तारखा. मसुदा दिला १२ जून. पुन्हा विचारलं ३ ऑगस्ट. उत्तर नाही. प्रत्येक तारखेला पुरावा आहे का ते विचारते: ई-मेल, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, पोच दिलेली प्रत. पुरावा तिच्याचकडे ठेवायला सांगते, आपल्या फोनमध्ये घेत नाही. नावं वहीच्या शेवटच्या पानावर, समोर नुसता आकडा.

मग पत्रासाठी त्यातलं एकेक काढत जायचं. विषय काढा. केंद्र काढा. 'संशोधिका' काढून 'संशोधक' करा. प्रवेशाचा महिना काढा. तारखांचे कालावधी करा, म्हणजे '१२ जूनपासून' ऐवजी 'आठ महिन्यांहून अधिक'. उरलेलं वाक्य त्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवा, फोनवर पाठवू नका, आणि विचारा: "हे वाचल्यावर तुझ्या सरांना तू आठवशील का?" ती क्षणभर जरी थांबली तरी पत्र पुन्हा लिहायचं. मी एक पत्र सहा वेळा लिहिलं आहे.

तीन वेगवेगळ्या केंद्रांतली मिळून पाच प्रकरणं जमल्याशिवाय 'अमुक ठिकाणी असं होतं' हे मी लिहीतच नाही. नाही जमली तर गाऱ्हाणं बाजूला ठेवून सगळ्यांना लागू पडेल अशी मागणी लिहा: 'मसुदा मिळाल्याची तारीख प्रत्येक केंद्राने नोंदवहीत लिहावी व अभिप्राय देण्याची मुदत ठरवून द्यावी.' यात कुणीच आरोपी नाही, म्हणून कुणी संशोधकाला शोधायलाही निघत नाही. मुलं चिडतात. 'त्या गाइडवर कारवाई मागा' म्हणतात. मी मागत नाही. त्या गाइडच्या सहीशिवाय त्या मुलाचा प्रबंध जमा होणार नाही, हे चिडलेल्याला त्या दिवशी दिसत नसतं, ते प्रतिनिधीला दिसलं पाहिजे. गाइड बदलून हवा असेल तर तो स्वतंत्र अर्ज, आणि तो ज्याचा त्यानेच ठरवायचा.

लैंगिक छळाची तक्रार मात्र या वाटेने कधीच न्यायची नाही. ती संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि आपण फक्त सोबत जायचं. तिचा तपशील आपल्या वहीत, आकड्याखालीसुद्धा, येता कामा नये.

सही कुणाची, हाही प्रश्न आहे. ज्याची पदवी झाली आहे किंवा प्रबंध जमा झाला आहे, अशाने सही करावी. पहिल्या वर्षातल्या पोराला पुढे करणारा प्रतिनिधी मला चालत नाही. एका पत्रात एकच मागणी. पत्र कुलसचिवांच्या नावे, आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. साहेबांनी तोंडी काही कबूल केलं, तर दुसऱ्या दिवशी 'काल झालेल्या चर्चेनुसार' असं चार ओळींचं पत्र द्या.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. आकडे आणि प्रती मागा: सहा महिन्यांहून जास्त काळ मूल्यमापनात असलेले प्रबंध किती, सल्लागार समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्यातून आलेला कागद विद्यापीठाचाच असतो, त्यामुळे 'तुम्हाला हे कुणी सांगितलं' हा प्रश्नच उरत नाही.

ज्याला स्वतःच्या नावाने लढायचं आहे त्याच्यासाठी २०२३ च्या यूजीसी विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. हे १५ दिवस भुर्रकन जातात, तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

उत्तर आलं की ते जसंच्या तसं सगळ्या केंद्रांना कळवा. आणि काम मिटल्यावर वहीचं ते शेवटचं पान, ज्यांची नावं त्यावर आहेत त्यातल्या एखाद्याला समोर बसवून, फाडून टाका. नव्या प्रतिनिधीच्या हातात वही जाते, ते पान जात नाही.