दोन प्रयोगशाळांत दृष्टीचा एकच प्रयोग कसा करावा

मेंदूचे सिग्नल जुळवण्याआधी पडदे जुळवा, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून सांगते. डोळा आणि पडदा यांत 57 सेंटिमीटर अंतर ठेवा. तिथून पडद्यावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे डोळ्यापाशी जवळपास 1 अंशाचा कोन. चित्राचं माप एकमेकांना अंशांतच कळवा, पिक्सेलमध्ये नको. हनुवटी टेकवायला स्टँड हवाच.

वेळेची मात्र खरी काळजी घ्या. चित्रासोबतच कोपऱ्यात एक पांढरा चौकोन उमटवा आणि त्यावर फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडताच सिग्नल देणारा छोटा सेन्सर, चिकटवा. संगणकाने नोंदवलेली वेळ आणि चित्र प्रत्यक्ष दिसल्याची वेळ यांत काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि ईईजीत (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत सिग्नलच्या नोंदीत) दृष्टीचा पहिला प्रतिसाद 100 मिलिसेकंदांच्या आतच येतो!

विश्लेषणाची पद्धत डेटा गोळा करण्याआधीच दोघांनी मिळून लिहून काढा.