ओकच्या फरशीला नवा हात देताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतलं आमचं घर घेतलं तेव्हा रेड ओक लाकडाची फरशी लखलखत होती. आठ वर्षांत स्वयंपाकघरातून दिवाणखान्याकडे जायची वाट मातकट दिसू लागली. सगळी फरशी मशिनने लाकडापर्यंत घासायची म्हणजे घर रिकामं करणं आलं, खर्च आला, शिवाय लाकूडही झिजतं. पाऊण इंची फळीत, दोन फळ्या एकमेकींत अडकतात त्या खाचेच्या वर, घासायला लाकूड असतं पाव इंचाच्या आसपास. म्हणून जुनं पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावरचा पारदर्शक संरक्षक थर, बफरने (फरशी घासायच्या गोल फिरत्या मशिनने) हलकं घासून त्यावर आणखी एक हात द्यायचं ठरवलं. निर्णय बरोबर होता. तरी तीन महिन्यांत सोफ्यापुढचा नवा थर सालपटासारखा सुटून आला.

कारण घासणीत नव्हतं, आधीच्या कित्येक वर्षांच्या पुसण्यात होतं. चमक आणणारं बाटलीतलं पॉलिश, तेलकट साबण, मेण यांचा पातळ थर फरशीवर साचतो आणि नवं पॉलियुरेथेन त्याला धरत नाही. आपल्या घरांत त्यात भर पडते फोडणीच्या वाफेची, समईतून सांडलेल्या तेलाची, डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची. अशा जागी ओला थर मागे सरकतो आणि वाटोळे खळगे उमटतात. नुसत्या बफरने हे जात नाही, उलट तेल-मेण आणखी पसरतं. म्हणून आधी स्वच्छता, मगच घासणी.

पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) घेऊन कोपऱ्यात चोळा. पिवळट-तपकिरी डाग आला तर मेण आहे. बाटलीतलं अ‍ॅक्रिलिक पॉलिश मात्र यात कळत नाही, म्हणून नमुना करून बघाच. स्वयंपाकघराच्या दाराशी, देवघरापुढे आणि सोफ्याखाली, अशा तीन जागा नीट साफ करून घासा, थर लावा. दुसऱ्या दिवशी नाण्याच्या कडेने जोर देऊन खरवडा. सालपट निघालं तर काम तिथेच थांबवा. मी हे एक दिवसाचं काम टाळलं आणि शेवटी ती खोली लाकडापर्यंत घासून घ्यावी लागली.

दुसरी चूक म्हणजे फार उशीर करणं. झिजलेल्या जागी पाण्याचे चार थेंब टाका. थेंब तसेच राहिले तर वरचा थर शाबूत आहे. काही मिनिटांत लाकूड काळपटलं तर तिथे थर उरलेलाच नाही. करडं पडलेलं लाकूड, कुत्र्याच्या मूत्राचे काळे डाग, नख अडकेल इतके खोल ओरखडे नव्या हाताखाली झाकले जात नाहीत, पुष्कळदा जास्तच उठून दिसतात.

स्टील वूलने (लोखंडी तारांच्या बोळ्याने) घासू नका, निदान पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन लावणार असाल तर अजिबात नको. लोखंडाचे कण मागे राहतात, पाण्याने गंजतात आणि ओकमधल्या टॅनिन नावाच्या द्रव्याशी मिळून काळे ठिपके पडतात. बफरखाली लावायची १२० ते १५० ग्रिटची (खरखरीतपणाचा आकडा) घासजाळी पुरते. कोपरे हाताने, पॉलिश पेपरने. नंतर व्हॅक्यूम करून ओलसर मायक्रोफायबरने धूळ टिपा.

डबा हलवायचा नाही, बुडबुडे येतात. काठीने तळापासून ढवळा, नाहीतर चमक कुठे कमी कुठे जास्त होते. खोलीच्या मध्येच चहाला थांबू नका. वाळलेल्या कडेवर पुन्हा थर आला की जोड कायमचा दिसतो. पंखा आणि एसीचा झोत बंद ठेवा.

वाळलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. मोज्यांनी फिरता आलं तरी गालिचा घाई करून टाकू नका: पाण्यावरच्या पॉलियुरेथेनला साधारण दोन आठवडे, तेलावरच्याला महिनाभर.

आणि तेलावरचं पॉलियुरेथेन वापरलं असेल तर फडक्यांचा बोळा करून गॅरेजच्या कचरापेटीत टाकू नका. वाळता वाळता ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.