भरतपूरला जाताय? पक्ष्यांआधी दगड वाचा

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. त्यामुळे आमच्या निफाडकडचा पक्षीवेडा माणूस एकदा तरी राजस्थानातलं मूळ भरतपूर बघून येतो, चित्रबलाकांचे फोटो काढतो आणि घरी येऊन सगळ्यांना दाखवतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. दुसऱ्या खेपेला, दहा-बारा वर्षांपूर्वी, मामांना बरोबर नेलं. मामा जुने शिकारी. १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत गोदाकाठी बारा बोअरची बंदूक घेऊन पहाटे दबा धरणारे. त्यांचं एकच पालुपद: “शिकाऱ्यांनी राखलं, म्हणून तुम्हाला बघायला मिळतंय.” हे कितपत खरं ते भरतपुरातच तपासता येतं. कसं ते सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत जा. नाशिकरोडहून पंजाब मेलनं आग्रा, पुढे ५५ किलोमीटर बसनं. उद्यानाच्या फाटकावर रिक्षा करा. चालवणारे बरेचसे सरदारजी, आणि पक्षी त्यांना तोंडपाठ. त्यांना आधीच सांगून ठेवा, आधी उद्यानातलं केवलादेवाचं देऊळ, पक्षी नंतर. सकाळचा उजेड वाया घालवताय म्हणून ते नाक मुरडतील. मुरडू द्या.

देवळाजवळ दगडी फलक आहेत. त्यांवर इंग्रजीत रकाने कोरलेत: तारीख, कुणाच्या मानार्थ, बंदुका किती, पक्षी किती. नुसता फोटो मारून पुढे सरकू नका. वहीत उतरवून घ्या, म्हणजे आकडा हाताला लागतो. सुरुवातीलाच १९०२, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, ५४० पक्षी. १९१६, चेम्सफर्ड, ५० बंदुका, ४,२०६. १२ नोव्हेंबर १९३८, लिनलिथगो, ३९ बंदुका, ४,२७३. आता भागाकार करा. एका बंदुकीमागे एका दिवसात ११० च्या आसपास. मामा त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. “माझी सगळी उमर धरली तरी एवढी भरायची नाहीत,” म्हणाले.

पण शिकारी तो शिकारीच. चहाच्या टपरीवर मामांनी डाव टाकला: “५४० वरून चार हजारावर गेले. पक्षी संपत असते, तर आकडा चढला असता का?” इथेच बहुतेकांची गल्लत होते. तो आकडा मेलेल्या पक्ष्यांचा आहे, जिवंतांचा नव्हे. बंदुका वाढल्या, हाकारे वाढले की तोही चढतो. शिवाय थापट्या, तलवार ही बदकं लांब उत्तरेकडून येणारी. एका तळ्यावर गर्दी दिसली, म्हणजे मुळात ते किती उरलेत हे कळत नाही.

मग मामांची बाजू बघायला पायाखाली बघा. ज्या वाटेवरून तुमची रिक्षा चालते तो बांध आहे. आजूबाजूचं पाणी आपसूक साचलेलं नाही. पूर्वापार अजान बांधातून कालव्यानं आणून, दारं उघडझाप करून ते कप्प्याकप्प्यांत खेळवत आलेत. भरतपूर संस्थानानं हा खटाटोप केला तो बदकं मारायलाच. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून शेती करायची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ती थोपवली. शिकारीसाठी पाणी आणलंच नसतं, तर थोपवायला काही उरलं असतं का? मामांना इथे अर्धे गुण द्यायलाच हवेत. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू होता, हेही वहीत लिहा.

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याला म्हशींबद्दल विचारा. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेनं १९८० ते १९९० अशी दहा वर्षं अभ्यास केला, तर म्हशी गेल्यामुळे पाण्यातलं गवत माजलं आणि बदकांना उघडं पाणी उरेना, असं निघालं. मला ही गोष्ट शिकारीच्या फलकापेक्षा जास्त टोचते. बंदूक बंद केली ते बरोबरच. पुढे त्याच हिरिरीनं म्हैसही हाकलली, ते चुकलं.

आणि सायबेरियन क्रौंच विचाराल, तर तो इथे शेवटचा २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसला. घन्यात, म्हणजे या भरतपूरच्या उद्यानात, त्याला कुणी हात लावत नव्हतं. पण येण्याजाण्याची वाट अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून, आणि तिथे बंदुका होत्या. मामांना दिलेल्या अर्ध्या गुणांतले थोडे इथे कापा.

घरी आल्यावर वही घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर चढा आणि तेच प्रश्न नांदूरमध्यमेश्वरला लावा. बंधारा कशासाठी बांधला, पाणी कुणाच्या सोयीनं सोडतात, पक्षी मोजतं कोण, काठावरच्या मासेमाराला आणि गुराख्याला कुणी विचारतं का? आम्ही परतल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. मामांच्या हातात दुर्बीण दिली. समोर वारकरी पक्ष्यांची काळी रांग पोहत होती. मामा मोजत होते, सवयीनं एक डोळा मिटून.