डिशवॉशरमधून भांडी पांढरट निघतात तेव्हा काय करावे

आमच्या इमारतीत आता अकरा डिशवॉशर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात मी कधी ना कधी हात घातलाय. तक्रार ठरलेली असते: "काका, काचेचे ग्लास दुधट निघतायत, मशीन गेलं वाटतं." मशीन गेलेलं नसतं. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि ते मशीनला कुणी सांगितलेलं नसतं.

मशीन बसलंय, अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडलंय, खरकटं काढून मगच भांडी आत जातात, हे सगळं धरून चालतो. भांडी आधी विसळून घ्यायची मात्र गरज नाही. तसं करायचं तर मशीन घेतलं कशाला?

आधी पांढरं म्हणजे नक्की काय ते बघा

एका ग्लासावर व्हिनेगर किंवा लिंबाची फोड चोळा आणि पाच मिनिटं थांबा. डाग गेला तर तो क्षारांचा थर आहे, म्हणजे खालचं सगळं तुमच्यासाठीच आहे. डाग गेला नाही, काच खरवडल्यासारखी धुरकट दिसत राहिली, तर काच झिजली आहे. पाणी फार मऊ, धुण्याची पावडर जास्त आणि तापमान चढं असलं की असं होतं. तो ग्लास परत चकचकीत होणार नाही, पेन ठेवायला वापरा. आणि जिभेला खारट लागलं तर मशीनमधल्या मिठाच्या टाकीचं (मीठ कशाला, ते पुढे येतंच) झाकण सैल आहे. ते घट्ट करा.

मीठ आणि तो एक आकडा

पहिलं वर्षभर मी इथेच अडकलो होतो. मिठाचा दिवा लागला की मीठ भरत होतो, तरी पेले पांढरे. धुण्याच्या तीन प्रकारच्या टॅब्लेट बदलल्या. रिन्स एडचा, म्हणजे भांड्यांवर थेंब वाळू नयेत म्हणून शेवटच्या विसळणीत पडणाऱ्या द्रवाचा, डोस वाढवत शेवटच्या आकड्यावर नेला, तर ग्लासांवर निळसर तवंग यायला लागला. घरी आलेल्या मेकॅनिकने आधी एक महागडी पावडर गळ्यात मारली, मग हीटर बदलायला सांगितलं. शेवटी एका दुपारी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. पाण्याचा जडपणा मशीनमध्ये स्वतः नोंदवायचा असतो हे तेव्हा कळलं. माझं मशीन कारखान्यातून आलेल्या मधल्याच आकड्यावर चालू होतं.

आतली भानगड अशी. मशीनच्या तळाशी रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मशीन त्यांच्यावरून मिठाचं दाट पाणी फिरवतं, धरलेलं कॅल्शियम गटारात जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. ही धुलाई किती वेळाने करायची, ते तुम्ही नोंदवलेल्या आकड्यावरून ठरतं. आकडा कमी असेल तर टाकी मिठाने काठोकाठ भरून काही उपयोग नाही, कारण मशीन ते मीठ पुरेसं वापरतच नाही. मणी भरून जातात आणि जड पाणी तसंच भांड्यांवर येतं. "भांड्यांत मीठ? मग चहा खारट होईल की," असं आमच्या आईचं म्हणणं होतं. होत नाही. टाकीचं झाकण घट्ट असेल तर मिठाचं पाणी भांड्यांपर्यंत येतच नाही.

आता आकडा काढायचा कसा. आरओवाला पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून एक संख्या सांगतो, ती इथे लावू नका. टीडीएसमध्ये पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, साधं मीठसुद्धा. जडपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. नळाचं पाणी घ्या, रंग बदलेपर्यंत एकेक थेंब टाका, थेंब मोजा. उत्तर मिलीग्रॅम प्रतिलिटरमध्ये आलं आणि पुस्तिकेत जर्मन अंश दिले असतील, तर १७.८ ने भागा. माझं आलं ४८०, म्हणजे २७ अंश. पुस्तिकेतल्या तक्त्यात ते जवळजवळ वरच्या टोकाला होतं आणि मशीन मध्यावर बसून होतं.

'आमचं पाणी पिण्याचं आहे, जड कसं असेल?' हा प्रश्न ठरलेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, जडपणा २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा असं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. तुमच्या पोटाला जे चालतं त्यात मशीन पार पांढरं होऊ शकतं. पुण्यात खडकवासल्याचं धरणाचं पाणी मऊ असतं, पण शहराच्या कडेच्या सोसायट्यांत काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी त्यात मिसळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात. एकाच नळाचं पाणी ऑगस्टमध्ये वेगळं आणि मेमध्ये वेगळं. म्हणून मी वर्षातून दोनदा मोजतो. दोन्ही आकडे ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत आणि टँकर सुरू झाले की मशीनमधला आकडा बदलतो. तो बदलायची बटणं प्रत्येक मशीनची वेगळी असतात, तेवढ्यापुरती पुस्तिका उघडाच.

आकडा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी चमत्कार होणार नाही. आधी मणी धुतले जायला हवेत. माझ्याकडे चार-पाच फेऱ्यांनंतर फरक दिसला. तोही नव्या ग्लासांवर, जुना थर होता तिथेच होता.

मीठ कुठलं? डिशवॉशरचं. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. 'मीठ ते मीठ' म्हणणाऱ्यांनी माझ्या शेजाऱ्याला खाण्याचं बारीक मीठ भरायला लावलं आणि ते आत दगडासारखं बसलं. त्यात आयोडीन असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि बारीक दाणे चिकटून वाट बंद करतात. खडे मीठ तर त्याहून वाईट, कारण त्यात रेती असते आणि ज्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला आपण बाहेर काढतोय तेही असतं.

भरताना टाकीत आधी पाणी ओतायचं ते फक्त पहिल्यांदा, साधारण लिटरभर. पुढे कधीच नाही. नरसाळं लावून मीठ टाका, जुनं खारं पाणी वर येऊन सांडेल, ते सांडू दे. झाकणाच्या आट्यांवरचे दाणे पुसा, झाकण घट्ट लावा आणि लगेच, म्हणजे त्याच क्षणी, पूर्ण धुलाई सुरू करा. मी एकदा रात्री मीठ भरलं, 'सकाळी लावू' म्हटलं आणि सकाळी गावाहून फोन आला म्हणून चार दिवस निघून गेलो. परत आलो तेव्हा झाकणाभोवती गंजाचे ठिपके. स्टेनलेस स्टील असलं तरी त्यावर खारं पाणी साचून राहिलं की ते खातंच. ते ठिपके अजून आहेत.

'सगळं एकातच' म्हणणाऱ्या टॅब्लेट घेतल्या तर मीठ लागत नाही, असं पाकिटावर सुचवलेलं असतं. त्याच पाकिटावर बारीक अक्षरांत बहुधा २१ जर्मन अंशांची मर्यादा दिलेली सापडेल, म्हणजे अंदाजे ३७५ मिलीग्रॅम. तुमचं पाणी त्यापुढे असेल तर मीठ हवंच. मी पावडर, मीठ आणि रिन्स एड वेगवेगळं घेतो. स्वस्त पडतं आणि चूक कुठे झाली ते कळतं. रिन्स एडचा आकडा मध्यावर ठेवा. भांड्यांवर थेंब वाळलेले दिसले तर एक वाढवा, निळसर तवंग दिसला तर एक कमी करा.

बसलेला जुना थर काढायला रिकाम्या मशीनमध्ये अर्धी वाटी सायट्रिक ॲसिड टाकून सगळ्यात गरम फेरी चालवा. पावडर घालू नका. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. व्हिनेगर दर आठवड्याला ओतू नका, रबर खराब होतं. ब्लीच तर मशीनमध्ये कधीच नाही. स्टील खातं, आणि आम्लाबरोबर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

बाकीचं

तळाची गाळणी दर दोन दिवसांनी काढून नळाखाली धुवा.

पाणी फवारणारे फिरते पंखे महिन्यातून एकदा उपसून उजेडासमोर धरा. आपल्याकडे भोकांत अडकते ती मोहरी. जणू मापच घेऊन आल्यासारखी बसते. टूथपिकने काढा. वरच्या रॅकमधली भांडी धुतली जात नसतील तर आधी हेच बघा, आणि आत उभी ठेवलेली पळी पंख्याला अडते का तेही.

धुऊन झाल्यावर तळाच्या खळग्यात थोडं पाणी राहतं, ते राहायलाच हवं. गाळणीच्या वर तळं साचलं असेल तर आधी गाळणी, मग प्लग काढून पंपाचं झाकण (फुटलेल्या काचेचा तुकडा असू शकतो, हातमोजा घाला), मग मागची नळी. आपले प्लंबर ती नळी निचऱ्याच्या पाइपात खोल खुपसतात आणि मधे वर उचलून बांधत नाहीत, त्यामुळे सिंकचं घाण पाणी उलटं आत येतं.

पाणी भरतच नसेल तर नळ बंद करून आत येणारी नळी सोडवा, तोंडाशी छोटी जाळी दिसेल. टँकरच्या दिवसांत तिथे गाळ बसतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर दाबही तपासा. बऱ्याच मशीनना किमान ०.५ बार लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी तुमच्या नळापेक्षा पाच मीटर उंच हवं. गच्चीवरची टाकी थेट डोक्यावर असेल तर तेवढी उंची मिळत नाही आणि छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. माणसं त्यासाठी मशीनचा व्हॉल्व्ह बदलून बसतात.

हाताने भांडी घासायचं लिक्विड पावडरऐवजी टाकू नका. एका पाहुण्याने मदत म्हणून टाकलं आणि फेस दारातून ओट्यावर आला. मशीनच्या बुडात पाणी गेलं की आतला तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप बंद व्हायचं नावच घेत नाही. 'मशीन पुढे तिरकं करा, पाणी सांडेल आणि चालू होईल' हा सल्ला सगळे देतात. चालू होईल, पण फेसाने गळलं की फाटलेल्या नळीने, ते शोधल्याशिवाय तिरकं करू नका. नाहीतर आठवड्याने परत तेच.

हिंडालियमची कढई, पितळ, तांबं, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं बाहेर. हिंडालियम एका फेरीत काळंठिक्कर पडतं, आणि आईची कढई असेल तर ते ऐकून घ्यावं लागतं.

आठवड्याहून जास्त बाहेर जाणार असाल तर गाळणी धुवा, नळ बंद करा, प्लग काढा आणि वास येऊ नये म्हणून दार बोटभर उघडं ठेवा. निघण्याआधी मशीनच्या मागे झुरळांचं जेल लावायला विसरू नका. त्यांना मशीनचा ऊबदार सर्किट बोर्ड फार आवडतो, आणि तो वॉरंटीत बसत नाही असं मला सांगण्यात आलं.