डोळे आणि तळपाय दोन्ही दुखत असतील तर: टायरोसिनेमियाचा दुसरा प्रकार ओळखावा आणि सांभाळावा कसा

तान्ह्या बाळाचे दोन्ही डोळे लाल असतात, सतत पाणी येतं आणि उजेडात नेलं की ते मान फिरवून खांद्यात तोंड खुपसतं. नेत्रतज्ज्ञ थेंब देतात. पुढे कधीतरी त्याच मुलाच्या तळपायांवर जाड, दुखऱ्या चकत्या येतात आणि घरचे त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात. दोन डॉक्टर, दोन फायली आणि दोन्हीकडे गुण येत नाही. हा आजार बहुतेकदा असाच हुकतो. त्यामुळे पहिलं काम घरच्यांचंच: दोन्ही फायली एका डॉक्टरांपुढे ठेवायच्या.

आजाराचं नाव टायरोसिनेमिया टाइप २. जुनं नाव रिचनर-हॅनहार्ट सिंड्रोम, कारण रिचनर यांनी १९३८ साली आणि हॅनहार्ट यांनी १९४७ साली त्याचं वर्णन केलं. अडीच लाखांत एकापेक्षाही कमी जणांना तो होतो असं मानलं जातं. दुर्मीळ जनुकीय आजार म्हटलं की लोक हातपाय गाळतात. पण यात उपचार आहे, आणि वेळेवर सुरू झाला तर त्याचा गुण डोळ्यांनी दिसतो.

बिघाड कुठे असतो

टायरोसिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. गरजेपुरतं वापरून झालं की उरलेलं मोडायचं काम यकृतात सुरू होतं, आणि त्यातली पहिली पायरी टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज नावाचं विकर (एन्झाइम) पार पाडतं. ते बनवण्याची सूचना १६व्या गुणसूत्रावरच्या टीएटी या जनुकात असते. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, अशा दोन्ही प्रती सदोष असल्या की विकर काम करत नाही आणि रक्तात टायरोसिन साचत जातं. पाण्यात मावेनासं झालेलं मीठ तळाशी बसावं, तसे त्याचे सुईसारखे स्फटिक पेशींमध्ये तयार होतात आणि तिथे दाह होतो. डोळ्यात ही जागा म्हणजे कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्वचेत मुख्यतः तळपाय आणि तळहात.

पायरी १: खुणा जुळवून बघा

डोळ्यांचा त्रास बऱ्याचदा पहिल्या वर्षातच सुरू होतो: लाली, पाणी, वेदना आणि उजेड अजिबात सहन न होणं. त्वचेचा त्रास साधारणपणे त्यानंतर येतो. टाच, चवडा, बोटांची टोकं अशा जिथे भार किंवा दाब पडतो त्या जागी पिवळसर, कडक, ठसठसणारे थर धरतात. खाज नसते, दुखतं मात्र खूप. भोवरी समजून ते कापले, मलमं लावली तरी पुन्हा येतात. चालायला लागलेलं मूल पुन्हा गुडघ्यांवर रांगायला लागलं, तर तो हट्ट समजू नका, त्याचे तळवे उलटून बघा. काही जणांत दोन्हीपैकी एकच त्रास असतो, म्हणून एक खूण नाही एवढ्यावरून आजार नाही असं ठरवू नये.

सर्वांत मोठी गल्लत होते ती डोळ्यांच्या हर्पीसशी, म्हणजे हर्पीस विषाणूच्या संसर्गाशी. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात बघतात, तेव्हा दोन्ही आजारांत कॉर्नियावर फांद्यांसारखी नक्षी दिसू शकते. हर्पीसमध्ये ती रंग ठळक घेते आणि फांद्यांच्या टोकांशी गाठी असतात. टायरोसिनेमियात नक्षी जाडसर, थरासारखी असते, रंग फिका धरते आणि टोकाच्या गाठी नसतात. शिवाय हर्पीस सहसा एका डोळ्यात होतो, हा त्रास बहुधा दोन्हींत. दोन्ही डोळ्यांत ‘हर्पीस’ आहे आणि विषाणूविरोधी औषधाने काहीच फरक पडत नाही, असं झालं की शंका घ्यायलाच हवी.

मात्र चालू औषध स्वतःहून बंद करू नका. खरोखर हर्पीस असेल तर त्याने दृष्टी जाऊ शकते. स्टेरॉइडचे थेंब तर सल्ल्याशिवाय मुळीच टाकू नयेत, हर्पीसमध्ये ते उलट घात करतात.

पायरी २: नेमकी तपासणी मागा

लागणारी तपासणी आहे रक्तद्रवातल्या अमिनो आम्लांची. नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते, वेगळी लिहून घ्यावी लागते. डॉक्टरांना सरळ सांगा (केराटायटिस म्हणजे कॉर्नियाचा दाह): ‘दोन्ही डोळ्यांचा केराटायटिस आहे, तळव्यांवर दुखरे थर आहेत, औषधांनी गुण नाही. टायरोसिन किती आहे ते बघता येईल का?’ असं थेट विचारल्याचा राग चांगल्या डॉक्टरांना येत नाही. हा आजार अनेकांनी फक्त पुस्तकात पाहिलेला असतो.

नमुना शेवटचं खाणं होऊन काही तास झाल्यावर द्यावा, बाळ असेल तर पुढच्या दुधाच्या आधी. आणि पथ्य सुरू करण्यापूर्वी द्यावा. घाईने दूध-अंडी बंद करून मग रक्त तपासलं तर आकडा खाली आलेला असतो आणि निदान चुकू शकतं.

पायरी ३: अहवाल समजून घ्या

टायरोसिनची पातळी निरोगी माणसात साधारण १०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. या आजारात ती सहसा ५०० च्या वर जाते, कित्येकदा १,००० च्याही. अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर त्या आकड्याला ५५ ने गुणा. म्हणजे ९ मिलिग्रॅम हे जवळपास ५०० मायक्रोमोल झाले.

टायरोसिन वाढायला इतरही कारणं असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ते काही काळ वाढतं आणि आपोआप उतरतं. यकृताच्या आजारांतही वाढतं. टाइप १ हा तर वेगळाच आणि यकृत-मूत्रपिंडांना धोका करणारा आजार. त्यात सक्सिनिलॲसिटोन हा पदार्थ सापडतो, टाइप २ मध्ये सापडत नाही. शेवटचं शिक्कामोर्तब टीएटी जनुकाच्या तपासणीने होतं.

इथे एक इशारा. टायरोसिनेमिया शोधलं की निटिसिनोन या औषधाचं नाव समोर येतं. ते टाइप १ वरचं औषध आहे. टायरोसिन मोडण्याची पुढची पायरी ते अडवतं, त्यामुळे रक्तातलं टायरोसिन वाढतं. टाइप १ चे रुग्ण ते घेताना पथ्य पाळतात ते याचसाठी, नाहीतर त्यांच्याही डोळ्यांना हाच त्रास सुरू होतो. टाइप २ मध्ये ते घेणं म्हणजे आगीत तेल.

पायरी ४: आहार बांधून घ्या

मुख्य उपचार हाच. टायरोसिन कमी करायचं तर फेनिलॲलॅनिन हे दुसरं अमिनो आम्लही कमी करावं लागतं, कारण शरीर त्यापासून टायरोसिन तयार करतं. दोन्ही जवळजवळ प्रत्येक प्रथिनात असतात. म्हणून मांस, मासे, अंडी, दूध-चीज, डाळी, सोयाबीन आणि सुकामेव्यातल्या बिया बंद किंवा अगदी मोजून. धान्यं वजन करून. बहुतेक फळं, बऱ्याचशा भाज्या, तेल-तूप, साखर आणि निव्वळ स्टार्च यांना बरीच मोकळीक. ॲस्पार्टेम घातलेली शुगर-फ्री पेयं, च्युइंग गम आणि काही औषधंही टाळायची, कारण ॲस्पार्टेममध्ये फेनिलॲलॅनिन असतं. लेबल वाचायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागायला हवी, लाड करणाऱ्या आजी-आजोबांना सर्वांत आधी.

एवढी प्रथिनं काढून घेतली तर मूल वाढणार कसं? त्यासाठी ही दोन अमिनो आम्लं वगळून बाकीची सगळी असलेली खास पावडर मिळते. वैद्यकीय देखरेखीखाली ती रोज घ्यायची, एकदम नव्हे तर तीन-चार भागांत. चव आणि वास दोन्ही वाईट, हे लपवण्यात अर्थ नाही. थंड करून, झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने दिली तर वास कमी लागतो. तान्हेपणापासून सुरू केलेली मुलं ती निमूट पितात. खरी कसरत उशिरा निदान झालेल्यांची.

किती ग्रॅम प्रथिन चालेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते चयापचयतज्ज्ञ व आहारतज्ज्ञच ठरवतात. स्वयंपाकघरात ग्रॅममध्ये मोजणारा काटा ठेवा, अंदाजाने वाढू नका. आणि मनाने कडक पथ्य करू नका: फेनिलॲलॅनिन फार खाली गेलं तर वाढ खुंटते, भूक मरते, त्वचेवर पुरळ येतं.

पथ्य नीट बसलं की डोळ्यांचा त्रास काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो. त्वचेला जास्त वेळ लागतो, काही आठवडे ते महिने. तोवर गडद चष्मा, डॉक्टरांनी दिलेले ओलावा ठेवणारे थेंब, मऊ तळव्यांची पादत्राणं आणि थर मऊ करणारी मलमं यांनी दुखणं सुसह्य होतं. पण नुसत्या मलमांच्या भरवशावर राहिलात तर थर पुन्हा येणारच.

पायरी ५: रक्त तपासत राहा

बरीच केंद्रं टायरोसिन ५०० ते ६०० मायक्रोमोलच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात, काही त्याहूनही कमी. लहान वयात तपासण्या वारंवार होतात, पुढे अंतर वाढतं. अनेक ठिकाणी बोटाला टोचून कागदावर घेतलेला थेंबही चालतो. सोबत वजन, उंची आणि डोळे तपासायचेच.

ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेत, खाणं बंद झालं की शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागतं आणि पथ्य पाळूनही आकडा चढतो. अशा दिवसांत उपाशी ठेवू नका, प्रथिनाविना ऊर्जा देणारं खाणं-पिणं कसं वाढवायचं हे आधीच लिहून घ्या.

मोठेपणी बरं वाटतंय म्हणून पथ्य सोडणारे बरेच असतात. डोळे आणि तळवे लवकरच आठवण करून देतात, तो भाग त्या मानाने सोपा. मेंदूचं तसं नाही. उपचार न झालेल्या काही मुलांत बौद्धिक वाढ मागे पडते, काहींना झटके येतात, आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. मुलीला गर्भधारणेचा विचार करायचा असेल तर आकडा आधीपासून आटोक्यात हवा, आईच्या रक्तातलं वाढलेलं टायरोसिन गर्भालाही पोचतं.

घरातल्या इतरांचं काय

आईवडील दोघेही वाहक असतात, म्हणजे प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत सदोष असते, पण त्यांना स्वतःला त्रास नसतो. दर गरोदरपणात आजार उतरण्याची शक्यता चारात एक. आईवडील रक्ताच्या नात्यातले असतील तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. पाठच्या किंवा मोठ्या भावंडांचं टायरोसिन एकदा तपासून घ्या, त्यांना काही होत नसलं तरी. काही ठिकाणी नवजात बाळांच्या चाळणी-तपासणीत (स्क्रीनिंगमध्ये) हा आजार सापडतो, पण सगळीकडे नाही, म्हणून पुढचं बाळ जन्मताच त्याच्या डॉक्टरांना घरातला हा इतिहास सांगायचा.