खेकड्याचा रस्सा पाणचट का होतो? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. "खेकडे चांगले मोठे होते, मसालाही बरोबर घातला, तरी रस्सा पाणचट झाला." मसाल्याचा यात बहुतेक वेळा दोष नसतो. खेकड्याच्या रश्श्याला अंग येतं ते त्याच्या बारीक पायांच्या रसामुळे. तो रस काढायला आणि शिजवायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायची तयारी नसेल, तर जगातला कुठलाही मसाला त्या रश्श्याला वाचवू शकत नाही. माझं माहेर अलिबागकडे खाडीकाठी आणि सासर मावळात, म्हणून तिकडची चिंबोरी आणि इकडचा ओढ्यातला काळा खेकडा दोन्ही माझ्या हाताखालून गेलेत. वाटणं वेगळी, पण चुका दोन्हीकडे त्याच.

मेलेला खेकडा शिजवणं

बाजारातली मासळी मेलेलीच घेतो, मग खेकड्याचं एवढं काय, असं नवख्या माणसाला वाटतं. खेकडा मेला की त्याच्या पोटातले पाचक रस त्याचंच मांस विरघळवायला लागतात, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि थोड्याच तासांत अमोनियासारखा वास सुटतो. त्या वासावर कितीही आलं-लसूण घाला, तो झाकला जात नाही, आणि पोट बिघडतं ते निराळंच. घेताना चिंबोरीच्या डोळ्याजवळ काडी न्या, तिने डोळा झटकन आत ओढायला हवा. पाय लुळे लोंबत असतील तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

याहून जास्त राग येतो तो जिवंत आणून घरी मारणाऱ्यांचा. आमचा एक भाचा गटारीच्या आदल्या संध्याकाळी खाडीवरून उत्तम चिंबोऱ्या घेऊन आला आणि "ताज्या राहतील" म्हणून नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकून वर झाकण ठेवलं. सकाळी बहुतेक सगळ्या मेलेल्या. वर मला म्हणतो, "मावशी, रात्री तर हलत होत्या, मसाला जरा जास्त घालूया ना." मी त्या सगळ्या फेकायला लावल्या. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू चटकन संपतो आणि खेकडा गुदमरतो. त्याचे कल्ले नुसते ओले राहिले तरी तो हवेवर तग धरतो. म्हणून टोपलीत, सावलीत, वर ओलं गोणपाट, एवढंच करायचं. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे बादलीचाच प्रकार.

आकाराला भुलणं

कवच टाकल्यावर खेकडा पाणी शोषून अंग फुगवतो, त्यावर नवं कवच धरतं आणि आतलं मांस मग सावकाश भरत जातं. या काळात पकडलेला खेकडा दिसायला दांडगा आणि आतून पाणीच. तुमचा रस्सा पाणचट होण्याचं हेही एक कारण आहे. उलटा करून मागच्या पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबा, दबला तर परत ठेवा. सारख्या आकाराच्या दोनांतला जड तो घ्या. अमावास्येच्या आगेमागे चिंबोऱ्या भरलेल्या असतात असं आमच्याकडच्या कोळणी सांगतात. मी तो मुहूर्त पाळते, पण दाबून बघितल्याशिवाय घेत नाही.

पोटाखालच्या पाळीत बाहेर अंड्यांचा पुंजका धरलेली मादी मिळाली तर ती घेऊच नका. पुढच्या वर्षीच्या चिंबोऱ्या त्या पुंजक्यात असतात.

पायांचा रस नासवणं

खरं दुखणं इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या गटारीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रश्श्याचं काम एका हौशी तरुणाने अंगावर घेतलं होतं. सामान उत्तम आणलं होतं: काळे खेकडे, गावचा कांदा-लसूण मसाला, भाजून वाटलेलं सुकं खोबरं. त्याने पाय आणि नांग्या एकत्र मिक्सरच्या भांड्यात घातल्या आणि पार पीठ होईपर्यंत फिरवलं. ते चहाच्या गाळणीने गाळलं आणि खळाखळा उकळणाऱ्या रश्श्यात एका दमात ओतून तो गप्पा मारायला गेला. मी टोपापाशी पोचेपर्यंत रसाच्या गुठळ्या होऊन वर तरंगत होत्या आणि खाली पिवळसर पाणी. त्याने घाईघाईने कॉर्नफ्लॉवर कालवून ओतलं. मग तो रस्सा गुळगुळीत चिकट झाला, गुठळ्या तशाच राहिल्या आणि प्रत्येक घासाला दाताखाली कच. एवढ्या चांगल्या मालाची अशी माती झालेली बघून मला खरोखर वाईट वाटलं.

त्यात तीन चुका होत्या आणि तिन्ही घाईच्या.

पहिली, मिक्सर. कवचाचं पीठ झालं की ते कुठल्याही गाळणीतून खाली उतरतं. सासूबाई पाय पाट्यावर वरवंट्याने फक्त ठेचायच्या, वाटायच्या नाहीत. मांस पिळून निघालं पाहिजे, पण कवचाचे तुकडे मोठेच राहिले पाहिजेत. पाटा नसेल तर खलबत्ता. मिक्सरशिवाय सोय नसेल तर गार पाणी घालून दोन-तीन वेळा नुसता झटका द्या आणि थांबा. नांग्या यात घालायच्याच नाहीत. त्यातलं मांस खायचं असतं, त्यांना वरवंट्याचा एकेक हलका टोला देऊन रश्श्यात सोडायचं.

दुसरी, गाळणं. मध्यम आकाराच्या सहा खेकड्यांच्या पायांना मी दोन वाट्या गार पाणी घेते, हाताने चोळते आणि स्वच्छ पंच्यातून पिळते. चोथ्यावर आणखी एक वाटी पाणी घालून पुन्हा पिळते. मग तो करडा रस दहा मिनिटं तसाच ठेवायचा. उरलीसुरली कच तळाशी बसते. वरचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायचा आणि तळाचा चमचाभर टाकून द्यायचा. या दहा मिनिटांचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि कच नेमकी याच दहा मिनिटांत सुटते.

तिसरी, आच. हा रस म्हणजे पाण्यात विरघळलेलं कच्चं प्रथिन. एकदम उकळत्यात पडलं की ते दूध फाटावं तसं फाटतं. वाटण तेलात परतून झालं, तेल सुटलं की गॅस अगदी बारीक करायचा. गार रसात एक चमचा तांदळाचं पीठ आधीच कालवून ठेवायचं. त्याने रस धरून राहतो. माझ्या नणंदेकडे भाजलेलं बेसन घालतात, तेही छान लागतं. मग एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने पळी, आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. रंग करडा असतो तो हळूहळू बदलतो, कडेला बारीक बुडबुडे दिसतात आणि पळीच्या पाठीवर रश्श्याचा थर बसायला लागतो. तेव्हा कुठे खेकड्याचे तुकडे आणि नांग्या आत सोडायच्या. तोवर फोन आला तर घेऊ नका.

तमिळनाडूत नंडू रसम करतात, मिरी-जिरं-चिंचेचं पातळ, पावसात नि सर्दीत प्यायचं. त्यातही खेकडा ठेचूनच घालतात. दाटपणा नको असला तरी चव ठेचल्यावरच उतरते. हॉटेलातल्या "क्रॅब सूप"मध्ये कॉर्नफ्लॉवर ढकलून जो दाटपणा आणतात त्याचा खेकड्याशी काही संबंध नसतो.

कवच उघडल्यावर नळाखाली धरणं

चिखल, वाळू, शेवाळ जे काय असेल ते कवच बंद असतानाच जुन्या टूथब्रशने घासून काढा. एकदा पाठ उघडली की पाणी लावायचं नाही. पिसासारखे करडे कल्ले ओढून टाका, तोंडामागची पिशवी काढा, झालं. आतलं पिवळं-केशरी चमच्याने खरवडून रश्श्यात घाला, निम्मी चव त्यात आहे. खाडीत कारखान्यांचं पाणी येत असेल तर मात्र तो पिवळा भाग मी घेत नाही, कारण विषारी धातू तिथेच साठतात. फवारणी झालेल्या भातखाचरातला खेकडाही मी घेत नाही.

लाल झाला म्हणजे शिजला असं समजणं

कवचातलं अॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. आच लागली की ते सुटं होतं आणि लाल दिसतं. हे अगदी सुरुवातीला होतं, आतलं मांस तेव्हा कच्चंच असतं. गोड्या पाण्याच्या खेकड्यात फुप्फुसात घर करणाऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात, म्हणून ओढ्यातला खेकडा रश्श्यात पंधरा-वीस मिनिटं नीट उकळलाच पाहिजे. रस एकदा मिळून आला की मग उकळी चालते. कच्चा खेकडा कापलेली विळी आणि पाटा धुतल्याशिवाय कोथिंबिरीला लावू नका. शेकोटीवर अर्धवट भाजून खाण्याची ट्रेकवाल्यांची हौस मला अजिबात पटत नाही.

उलट खाडीच्या चिंबोरीचे तुकडे बारा-पंधरा मिनिटांत होतात. पुढे उकळत ठेवले की मांस दोऱ्यासारखं होतं.

सगळीकडे एकच पाकीट

मालवणात कुर्ल्यांना, म्हणजे खेकड्यांनाच, भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि कोकम. आगरी-कोळ्यांकडे त्यांचा लाल मसाला, ठेचलेला लसूण, चिंच, आणि खोबरं नाही घातलं तरी चालतं. बेसनाचं सारण भरून दोऱ्याने बांधलेल्या चिंबोऱ्या हा तिकडचा आणखी एक थाट. घाटावर कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट भाजायचं आणि कांदा-लसूण मसाला घालायचा. ही वाटणं त्या-त्या खेकड्यासाठी तयार झाली आहेत. चिंबोरीचं मांस गोडसर असतं, तिला आंबट लागतं. ओढ्यातल्या खेकड्यात मांस कमी आणि रस उग्र, त्याला भाजल्याची चव पेलते. काळ्या खेकड्यावर मालवणी मसाल्याचं पाकीट आणि वर नारळाचं दूध ओतणारे मी पाहिलेत. दोन्ही चवी वाया जातात.

आता भराभर उरलेलं. मीठ शेवटी घाला, खाडीच्या खेकड्याला स्वतःचं मीठ असतं. कोकम उतरवायच्या आधी पाच मिनिटं टाका. कापण्याआधी खेकडा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. तो सुन्न होतो, त्याचे हाल कमी होतात आणि झटापटीत पाय गळत नाहीत. कोळंबीची अॅलर्जी असलेल्याला "नुसता रस्सा चाख" म्हणून आग्रह करू नका, रश्श्यातही तेच प्रथिन असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्री खेकडा म्हणून कुणी काही विकत असेल तर तो बर्फातला जुना माल आहे का ते विचारा आणि सरळ खाडीची किंवा ओढ्याची वाट धरा.

रस्सा उरलाच तर तुकडे बाहेर काढून वेगळे ठेवा, रस्सा स्टीलच्या भांड्यात फ्रीजमध्ये. अॅल्युमिनियमच्या टोपात आंबट रात्रभर नको. दुसऱ्या दिवशी बारीक आचेवर, पळी फिरवत, पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करा आणि तुकडे शेवटची पाच मिनिटं आत सोडा.