चित्रपट शिकताना या चुका टाळा : प्रवेशअर्जापासून पहिल्या कामापर्यंत

चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींचे लघुपट संकलनाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी बसून पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. ‘सर, कट बसत नाही’, ‘इथे आवाज उडी मारतो’, ‘हा प्रसंग रेंगाळतो’ अशा तक्रारी घेऊन विद्यार्थी येतात. त्यांचा इलाज त्या टेबलावर सहसा सापडत नाही, कारण दोष दिसतो एका टप्प्यावर आणि शिरलेला असतो त्याच्या कितीतरी आधी : संहितेत, चित्रीकरणाच्या जागी, काही वेळा तर प्रवेशअर्जातच. म्हणून पुढील चुका त्या जिथे जन्मतात त्या क्रमाने घेतल्या आहेत.

अर्ज भरतानाची चूक

चित्रपटाचा अभ्यास आणि चित्रपट बनवण्याचे शिक्षण या दोन वेगळ्या वाटा आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ पासून चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे इतिहास, सिद्धान्त आणि समीक्षा यांवर भर असतो. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये, विद्यार्थी दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन अशा शाखांत विभागले जातात आणि हाताने काम करून शिकतात. जनसंज्ञापनाच्या पदवीत चित्रपट हा अनेक विषयांपैकी एक असतो. तिन्ही पर्याय चांगलेच आहेत. परंतु समीक्षक होऊ पाहणारी मुलगी कॅमेऱ्याच्या वर्गात किंवा छायाचित्रकार होऊ पाहणारा मुलगा सिद्धान्ताच्या वर्गात बसला, तर दोघांचीही वर्षे फुकट जातात. माहितीपत्रकावरील छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. सत्रवार अभ्यासक्रम मागवावा, प्रात्यक्षिकाचे तास मोजावेत, एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी असतात हे विचारावे आणि आधीच्या तुकडीने पूर्ण केलेले दोन-तीन लघुपट पाहायला मागावेत.

शाखा निवडतानाही घाई होते. डोळे मिटून ‘दिग्दर्शन’ लिहिणाऱ्यांतील अनेकांचा कल प्रत्यक्षात संकलनाकडे किंवा ध्वनीकडे असतो, आणि तो कल त्यांना दुसऱ्या वर्षी कळतो, जेव्हा शाखा बदलता येत नाही. ध्वनीची आवड असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लवकर पाहून ठेवावी : या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट राहिलेली आहे. अकरावीत विषय निवडताना ही अट ठाऊक असेल, तर पदवीनंतरचा मनस्ताप वाचतो.

पडद्यासाठी लिहिताना रंगमंच डोळ्यांसमोर ठेवणे

आपल्याकडे चित्रपटाकडे वळणारी बरीच मुले एकांकिकेच्या स्पर्धांतून येतात. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने आणि राज्यभरातील तशा स्पर्धांनी महाविद्यालयीन मुलांना तालमीची शिस्त, वेळेचे भान आणि नटाशी बोलण्याची भाषा दिली आहे. ही शिदोरी मोलाची आहे. तिच्यासोबत एक सवय मात्र येते, ती म्हणजे सगळे काही संवादातून सांगण्याची. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला पात्राचा चेहरा दिसत नाही, म्हणून रंगमंचावर शब्दांना अधिक ओझे वाहावे लागते. कॅमेरा पात्राच्या हाताच्या अंतरावर जातो, तिथे तेच शब्द जड होतात. संकलनाच्या टेबलावर ‘प्रसंग रेंगाळतो’ अशी जी तक्रार येते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

एका विद्यार्थिनीच्या संहितेत मुलगी आईला म्हणत होती, ‘बाबा गेल्यापासून तू किती गप्प झालीस गं.’ पानभर चाललेले हे बोलणे तिने चार वेळा कापून पाहिले, तरी प्रसंग हलेना. शेवटी तो काढून तिने नवा लिहिला. पहाटे दाराशी दूधवाला येतो आणि सवयीने एक लिटरची पिशवी पुढे करतो. आई ती परत करते, ‘आता अर्धाच देत जा’ एवढेच म्हणते आणि दार लावून घेते. मुलगी आतल्या खोलीत अंथरुणात जागी असते. चित्रपट चाळीस सेकंदांत तिथे पोहोचला, जिथे आधी तो तीन मिनिटांत पोहोचत नव्हता.

उपाय साधा आहे. संहितेचा पहिला मसुदा झाला की सगळे संवाद पेन्सिलने खोडावेत आणि उरलेले वाचून गोष्ट कळते का ते पाहावे. जिथे अडते, तेवढ्याच ठिकाणी शब्द परत घ्यावेत. हाच सराव पाहतानाही करावा : आवडत्या चित्रपटातील तीन मिनिटांचा एक प्रसंग आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून केवळ ऐकून, आणि तिसऱ्यांदा वहीत शॉट मोजत पाहावा. रोज एक चित्रपट पाहून काढण्यापेक्षा महिनाभर अशा चार प्रसंगांचा अभ्यास अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

आवाजाकडे शेवटी पाहणे

विद्यार्थ्यांच्या लघुपटांत चित्र थोडे अंधारलेले असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. आवाज खराब असेल तर तो पहिल्या दोन मिनिटांत मनाने उठून जातो. तरीही युनिट ठरवताना कॅमेऱ्यासाठी चौघे धावतात आणि बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला ‘कोणीतरी’ उभे केले जाते.

माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील गोष्ट सांगतो. एका जुन्या वाड्यातील स्वयंपाकघरात आम्ही आजी आणि नातवाचा प्रसंग चित्रित केला. पंखा आठवणीने बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली, सगळे शॉट ओके झाले. संकलनाला बसल्यावर लक्षात आले की आजीवरच्या शॉटमध्ये एक बारीक घरघर आहे आणि नातवावरच्या शॉटमध्ये ती नाही. कोपऱ्यातील फ्रीज मध्येच सुरू झाला होता आणि मध्येच बंद पडला होता. एकेका शॉटमध्ये ती घरघर कोणाला जाणवलीही नसती, पण आजी बोलली की ती सुरू आणि नातू बोलला की बंद, असे प्रत्येक कटवर होऊ लागले. जो कट भावनेसाठी घेतला होता, तो कानाला ठेच लागल्यासारखा वाटू लागला. आम्ही त्या खोलीची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवली असती, तरी काही जोडता आले असते. तीही नव्हती. अखेर संपूर्ण प्रसंगाचे डबिंग करावे लागले, आणि त्या वयोवृद्ध अभिनेत्रीला स्वयंपाकघरात साधलेला स्वर स्टुडिओतील माइकसमोर पुन्हा साधला नाही. त्याची हळहळ मला अजून वाटते.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी करायला लावतो. पहिली, रेकी, म्हणजे जागेची पूर्वपाहणी, करताना चित्रीकरणाच्या नेमक्या वेळी जागेवर जाऊन दहा मिनिटे गप्प बसायचे. सकाळी दहाला शांत असलेली नदीकाठची जागा गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांच्या सरावाने दणाणून जाते, आणि हे सकाळच्या रेकीत कधीच कळत नाही. दुसरी, फ्रीज बंद करायचा आणि युनिटच्या गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवायची, म्हणजे निघताना तो सुरू करायचे कोणी विसरत नाही आणि घरमालकाचे दूध नासत नाही. तिसरी, प्रत्येक जागेवर पॅक-अप करण्यापूर्वी सर्वांना आहे तिथे उभे करून एक मिनिट त्या जागेची शांतता, म्हणजे रूम टोन, मुद्रित करायची. हे मिनिट संकलनात दिवस वाचवते.

चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी शॉटच्या सुरुवातीला वाजवली जाणारी क्लॅप चुकवू नये आणि मुद्रणाची पातळी मीटरवरील लाल रेषेपासून बरीच खाली ठेवावी. फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. कमी पातळीचा बव्हंशी वर आणता येतो.

चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहणे

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर लगेच पौराणिक कथानकाला हात घातला नाही. कुंडीतील वाटाण्याच्या वेलाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी चित्रित केली, आणि तो छोटासा चित्रपट दाखवून भांडवलासाठी विश्वास मिळवला. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्यांचा पहिला कथापट मुंबईत प्रदर्शित झाला. भारी कॅमेरा भाड्याने मिळेपर्यंत थांबलेल्या विद्यार्थ्याने हा क्रम लक्षात ठेवावा. हातातील फोनवर दर महिन्याला दोन मिनिटांचे एक पूर्ण काम, म्हणजे संहिता, चित्रीकरण, संकलन आणि ध्वनी यांसह संपवलेले काम, हा सर्वांत चांगला गृहपाठ आहे.

फोनवर काम करताना दोन बिघाड हमखास येतात. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्रावरून पट्टे सरकताना दिसतात. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटरचा वेग १/६० सेकंदावर असेल तर त्याचा या लुकलुकण्याशी मेळ बसत नाही. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे आणि शक्यतो सेकंदाला २५ फ्रेम्सवर चित्रीकरण करावे. दुसरा बिघाड असा की सुरुवातीला जुळलेला आवाज शॉटच्या शेवटी ओठांपासून सुटतो. अनेक फोन फ्रेमचा वेग मुद्रणादरम्यान कमी-जास्त करत असतात, हे त्याचे कारण. संकलनापूर्वी सर्व फाइली स्थिर वेगाच्या करून घ्याव्यात. या गोष्टी संकलनाच्या टप्प्यावर कळल्या तर उपाय महाग पडतो. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच दिव्याखाली एक चाचणी घेतली तर पाच मिनिटांत कळतात.

परवानगी आणि हक्क

‘विद्यार्थ्यांचा लघुपट आहे, कोण विचारतो’ या समजुतीमुळे पूर्ण झालेली कामे महोत्सवात पाठवता येत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. लोकप्रिय गाणे पार्श्वभूमीला वापरले तर गीत-संगीताचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन वेगळे हक्क लागतात. मराठी कथेवर लघुपट करायचा असेल तर लेखकाच्या निधनाचे वर्ष आधी पाहावे. भारतीय कायद्यानुसार हक्क निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि ती वर्षे पुढील जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. हयात लेखकाची, किंवा वारसांकडे हक्क असतील तर वारसांची, लेखी संमती संहिता लिहिण्यापूर्वीच घ्यावी. रायगड, शिवनेरी यांसारख्या केंद्र संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. लहान मूल काम करणार असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि त्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. वेळापत्रक आखताना ही मर्यादा धरली नाही, तर दुपारनंतर घाईने उरकलेले शॉट संकलनात उघडे पडतात.

शिक्षण संपताना

सर्वांत आधी कामाच्या प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या घरात. आणि कार्ड पुसण्यापूर्वी प्रत्येक फाइल उघडून पाहणे. तीन वर्षांचे सगळे काम एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नये.

शोरील, म्हणजे आपल्या कामातील निवडक शॉटची फीत, दोन मिनिटांपेक्षा लांब करू नये, आणि त्यात आपण नेमके काय केले ते लिहावे. मित्राने टिपलेला सुंदर शॉट दिग्दर्शकाच्या, छायाचित्रकाराच्या आणि संकलकाच्या अशा तिन्ही शोरीलमध्ये दिसला की पाहणारा तिघांवरही विश्वास ठेवत नाही.

पहिले काम बहुधा सहायकाचे असते. तिथे विद्यार्थिदशेतील लघुपटाच्या पारितोषिकापेक्षा कॉल टाइमच्या, म्हणजे हजर राहण्याच्या ठरलेल्या वेळेच्या, दहा मिनिटे आधी पोहोचणे आणि कंटिन्युइटीची वही नीट ठेवणे अधिक मोजले जाते. नायिकेच्या डाव्या मनगटावर किती बांगड्या होत्या, चहाचा कप कोणत्या शब्दावर खाली ठेवला गेला, हे ज्याच्या वहीत सापडते, त्याला पुढच्या शेड्यूलला पुन्हा बोलावणे येते. मानधनाची रक्कम आणि ती मिळण्याची तारीख बोलण्यावर सोडू नये. निदान संदेशातून लिहून मागावी, आणि हे मागताना संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. स्वतःची कथा कोणाला ऐकवायची असेल, तर त्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावी आणि ऐकवून झाल्यावर त्याच दिवशी ‘आज आपल्याला अमुक कथा ऐकवली’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवावा.